पहिली खुर्ची कोणाची, दानपेटीची किल्ली कोणाकडे? कोकणातल्या बेने इस्रायलांचा इतिहास आणि आपला विसावा हिस्सा

एप्रिल जवळ आला की पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत दोन वाद ठरलेले असतात. मंचावर पहिली खुर्ची कोणाला, हा एक. वर्गणी कोणी गोळा केली आणि ती कुठे गेली, हा दुसरा. बाहेरचे हसतात. आपल्यातलेही काही जण कंटाळून म्हणतात, "सोडा हो, फालतू भांडणं आहेत."

आम्हाला ही भांडणे फालतू वाटत नाहीत. मान कोणाला आणि दान कोणाला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच या देशातली ब्राह्मणी व्यवस्था उभी आहे. पुरोहिताला मान जन्माने मिळाला. दान घेण्याचा अधिकारही त्याला जन्मानेच मिळाला. आपल्या वाट्याला आला तो भाकरतुकडा, तोही "जोहार मायबाप" म्हटल्यावर. म्हणून मान आणि दान यांचा विचार आपण जितक्या बारकाईने करू तितका थोडा.

या दोन प्रश्नांवर जगात आणखी एका समाजाने दोन हजार वर्षे वाद घातला, कायदे केले, कायदे मोडले आणि एकमेकांना कोर्टातही खेचले. तो समाज म्हणजे ज्यू. त्यांचा एक मराठी बोलणारा भाग शतकानुशतके आपल्याच कोकणात, बाबासाहेबांच्या महाडच्या जिल्ह्यात राहिला. त्यांचा इतिहास आपल्या तरुणांनी वाचायला हवा. त्यात शिकण्यासारखे आहे आणि सावध होण्यासारखेही आहे.

शनिवार तेली कोण होते?

जुना कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि ते शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, अशी त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावावरून पडली.

इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्या. जातीशी काही संबंध नसलेला समाज कोकणात आला आणि गावाने त्यालाही उतरंडीत एक पायरी नेमून दिली. हे इथेच थांबले नाही. पुढे या समाजानेच आपल्यात दोन भाग पाडले : गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल. ज्यांचे आईवडील दोघेही बेने इस्रायल ते गोरे, मिश्र संबंधांतून जन्मलेले ते काळे. गोरे काळ्यांशी लग्नसंबंध करत नसत, पंगतीतही भेद पाळत. बाबासाहेब सांगत की जात हा हिंदूंच्या मनाचा आजार आहे. तो शेजाऱ्यालाही कसा लागतो, याचा हा पुरावा.

परंपरेनुसार डेव्हिड राहाबी नावाच्या एका ज्यू प्रवाशाने या लोकांना ओळखले आणि त्यांच्यातल्या तिघांना धर्मविधी शिकवून 'काजी' नेमले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती तीन घराणी. शिकवले म्हणून काजी झालेल्यांची मुले पुढे जन्माने काजी होऊ लागली. शिक्षणाने मिळालेले पद दोन पिढ्यांत वतन कसे बनते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

अडाणी महायाजक आणि विद्वान बहिष्कृत

आता ज्यू धर्मशास्त्राकडे वळू. मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातले पुरुष म्हणजे 'कोहेन', अर्थात याजक. लेवी वंशातले इतर त्यांचे मदतनीस. बाकीचे सगळे सामान्य 'इस्रायल'. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर कोहेन बळी अर्पण करत आणि त्या बदल्यात त्यांना धान्याचा, फळांचा, कापलेल्या जनावराचा ठरलेला वाटा मिळे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. याजकाचे काम संपले, मान मात्र उरला. आजही शनिवारच्या प्रार्थनेत तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला सात जणांना बोलावतात. पहिला मान कोहेनचा, दुसरा लेवीचा, मग बाकीच्यांचा.

म्हणजे हाही जन्माचाच मान. मग फरक काय? फरक दोन ठिकाणी आहे.

पहिला फरक कारणाचा. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या कायदेग्रंथात कोहेनने आधी वाचावे हा नियम आहे आणि त्याचे कारणही दिले आहे : समाजात शांतता राहावी म्हणून. रोज कोण आधी यावर भांडण नको, एवढाच त्याचा अर्थ. कोहेन ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मला, म्हणून श्रेष्ठ, असे हा नियम म्हणत नाही.

दुसरा फरक मोठा आहे. याच मिश्नात मानाची उतरंड सांगितली आहे. कोहेन लेवीच्या आधी, लेवी इस्रायलाच्या आधी, इस्रायल 'मामझेर'च्या आधी. मामझेर म्हणजे धर्माने निषिद्ध ठरवलेल्या संबंधातून जन्मलेले मूल, ज्याला सामान्य ज्यूशी लग्न करायला बंदी. उतरंड संपल्यावर ग्रंथ पुढे म्हणतो की हे सगळे दोघेही ज्ञानाने बरोबरीचे असतील तेव्हाच. मामझेर विद्वान असेल आणि मुख्य महायाजक अडाणी असेल, तर मान आधी मामझेरचा.

हे मनुस्मृतीशेजारी ठेवून बघा. मनूच्या दुसऱ्या अध्यायात दहा वर्षांचा ब्राह्मण शंभर वर्षांच्या क्षत्रियाच्या बापासमान ठरवला आहे. नवव्या अध्यायात ब्राह्मण विद्वान असो वा अविद्वान, तो महान दैवतच आहे. एका परंपरेने ज्ञानाला जन्माच्या वर ठेवायची फट तरी ठेवली. दुसरीने ती फट लिंपून टाकली, आणि आपल्या पूर्वजांच्या ज्ञानावरच बंदी घातली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले गेले ते हे लिंपण होते.

पण भाबडेपणा नको. मामझेर विद्वानाला मान मिळाला तरी त्याच्या लग्नाचे दार बंदच राहिले. कोहेनला घटस्फोटित स्त्रीशी किंवा धर्मांतर करून आलेल्या स्त्रीशी लग्न करायची मनाई आजही सनातनी ज्यू पाळतात. स्त्रियांचे काय? तोरा वाचणाऱ्या सात जणांत स्त्रीही मोजता येते, असे तालमूद हा ग्रंथ म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की समाजाच्या मानासाठी तिने वाचू नये. 'समाजाचा मान' हे कारण ऐकले की आमचे कान टवकारतात. ज्याच्या नावाने बाईला गप्प बसवले जाते, तो मान कोणाचा असतो? हा प्रश्न आपल्या जयंतीच्या मंचालाही विचारायला हवा.

दान दिले, मान दिला नाही

कायद्यात फट असली तरी माणसे ती वापरतातच असे नाही. हे मुंबईच्या इतिहासात दिसते.

१७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर या बेने इस्रायल सैनिकी अधिकाऱ्याने मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. पुढे १८३० च्या दशकात बगदादहून श्रीमंत ज्यू व्यापारी आले. त्यांच्यात सर्वांत मोठे घराणे ससून. अफू आणि कापसाच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि हात सैल सोडून दान केले. भायखळ्याचे सिनेगॉग, पुण्याचे 'लाल देऊळ', पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय. ससून रुग्णालयात आजही गरीब माणूस उपचार घेतो, ही गोष्ट आम्ही नाकारत नाही.

पण याच बगदादी समाजाने मराठी बोलणाऱ्या, सावळ्या बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू मानायला नकार दिला. तुमच्यात घटस्फोटाचा आणि विधवेच्या सुटकेचा विधी शास्त्राप्रमाणे होत नाही, म्हणून तुमच्या वंशात मामझेर असण्याचा संशय आहे, हे त्यांचे कारण. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्रायलांना धरत नसत. तोरा वाचायला बोलावत नसत. १८३६ मध्येच मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत घालावी, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली होती.

मेल्यावरही भिंत! ज्यांच्या गावात आजही आपली स्मशानभूमी वेगळी आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा उभी केली आणि समाजाचा इतिहास लिहिला. रंगूनमध्ये सिनेगॉगच्या कारभारात हक्क नाकारला, तेव्हा १९३० च्या दशकात ते हायकोर्टात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. कोचीनमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना परदेशी सिनेगॉगमध्ये बाकावर बसू देत नसत, तोरा वाचायला बोलावत नसत. तिथे ए. बी. सालेम या वकिलाने सिनेगॉगातच सत्याग्रह केला. विशेष म्हणजे सोळाव्या शतकातच कैरोच्या एका मोठ्या रब्बीने निर्णय दिला होता की रीतसर धर्मविधी झालेले हे लोक पूर्ण ज्यू आहेत. निर्णय कागदावर राहिला आणि तीन-चारशे वर्षे माणसे जमिनीवर बसत राहिली. संविधानाच्या १७ व्या कलमाचे वय अजून शंभरही नाही, हे लक्षात ठेवा.

इस्रायल देश झाल्यावर बेने इस्रायल तिकडे गेले. तिथेही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचे तर त्यांची वंशावळ तपासावी. कोकणातून गेलेल्या या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की ते सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला. अलिबागच्या तेल्याच्या नातवंडांनी हे धरणे धरले ते मानासाठी. दान मागायला ते गेले नव्हते.

यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा : दान कितीही मोठे असले तरी ते मानाची जागा घेऊ शकत नाही. जो दवाखाना बांधून देतो पण शेजारी बसू देत नाही, त्याचे आभार दवाखान्यापुरते माना आणि बसण्याचा हक्क वेगळा मागा.

दान नव्हे, न्याय

आता दानाच्या कायद्याकडे. हिब्रू भाषेत दानासाठी 'त्सदाका' हा शब्द आहे. तो 'त्सेदेक' म्हणजे न्याय या शब्दापासून आला. यात दया हा अर्थ दुय्यम आहे. शेतकऱ्याने शेताचा कोपरा कापायचा नाही, खाली पडलेली कणसे उचलायची नाहीत, ती गरिबाची. शेतकरी ती 'देत' नाही, कारण ती त्याची नव्हतीच. गरीब येतो आणि आपले घेऊन जातो. आणखी काही नियम बघा.

उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा, पाचव्या हिश्शाहून जास्त देऊ नये. म्हणजे देणाराच भिकारी होऊ नये.

ज्याचे पोट दानावर चालते, त्यानेही त्यातून थोडे दान द्यावे. म्हणजे कोणीही कायमचा घेणारा राहू नये.

गरिबांचा निधी दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा. एकट्याच्या हाती पेटी नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खाली, नाखुशीने दिलेले. वर वर जाताना, कोणी दिले हे घेणाऱ्याला आणि कोणाला दिले हे देणाऱ्याला कळणार नाही असे. आणि सर्वांत वर, माणसाला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करणे किंवा काम मिळवून देणे, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

आपल्या बलुत्याशी याची तुलना करा. महाराच्या हक्कांनाही 'हक्क'च म्हणत. पण तो हक्क दारात उभे राहून, वाकून, शिळ्या तुकड्याच्या रूपाने मिळे. त्यासाठी चोवीस तास गावची चाकरी करावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक आणले, ते याच कारणासाठी. बलुते नको, सरकारी कामाचा रोख पगार द्या, ही त्यांची मागणी होती. बाबासाहेबांना मायमोनिडीसची वरची पायरी हवी होती, पण दान म्हणून नाही, मजुरी म्हणून.

आपल्या जिल्ह्यातले दोन पुरावे

हे सगळे परदेशी वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यात या. वसई तालुक्यातल्या सोपारा इथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उकरला. तिथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा सापडला १९५६ मध्ये, आपल्या धम्मक्रांतीच्याच वर्षी. या लेखांचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या प्रतींवरून माहीत आहे. नवव्या लेखात अशोक सांगतो की लग्न, आजारपण, प्रवास यासाठी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरा मंगल विधी धम्माचा. त्याची यादी तो देतो. यादीत पहिले काय आहे? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे. श्रमण-ब्राह्मणांना दान हे त्यानंतर येते.

दुसरा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यातला, पण तो आपल्या भागाबद्दल बोलतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात सोपाऱ्याचे नाव आहे आणि दाहणुका नदीवर फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. दाहणुका म्हणजे आपले डहाणू, असे अभ्यासक मानतात. या उषवदाताने देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिली आणि दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवण घातले. बौद्ध भिक्खूंसाठी मात्र त्याने लेणे कोरले आणि तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंची वस्त्रे. आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले, फलकावर नोंदवले. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी संघाच्या दानाचा हिशेब सभेत वाचला जात होता!

मग आपण काय करायचे?

१९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी पुरोहितपणावर नेमका उपाय सांगितला. पुरोहितपण शक्य तर बंदच करा. नाहीतर निदान वंशपरंपरेने नको. परीक्षा घ्या, सरकारी सनद द्या, संख्या कायद्याने ठरवा. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी दानाचाही नियम सांगितला : प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा. मान आणि दान, दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी आपल्या हातात ठेवली आहेत. ती आपल्या वस्तीत अशी वापरता येतील.

पहिली खुर्ची नेत्याच्या मुलाला किंवा मोठ्या देणगीदाराला नको. ज्याने वर्षभर काम केले, अभ्यास केला, त्याला द्या, आणि दरवर्षी ती बदला. यंदा ती वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवणाऱ्या बाईला मिळू द्या. बौद्धाचार्य जन्माने होत नाही, शिकून होतो. त्याच्या मुलाला ते पद वारशाने मिळणार नाही, याची आजच काळजी घ्या. काजी घराण्यांची गोष्ट आठवा.

वर्गणी दोघांनी गोळा करायची, तिघांनी खर्च करायची. हिशेब बुद्धविहाराच्या फळ्यावर. कोणावर संशय आहे म्हणून नव्हे, कोणावरही संशय येऊ नये म्हणून.

विसाव्या हिश्शातला मोठा वाटा डीजे आणि बॅनरवर जाता कामा नये. परीक्षेची फी, अभ्यासिका, कंत्राटी कामगारासाठी वकील, बाईला शिलाई यंत्रासाठी बिनव्याजी कर्ज, ही वरची पायरी. आणि ज्याला मदत मिळाली त्याने नोकरी लागल्यावर आपला विसावा हिस्सा सुरू करायचा.

शेवटी तारापूर एमआयडीसीबद्दल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. शाळेत दप्तरे वाटून त्यांचा फोटो छापून येतो, तेव्हा लक्षात ठेवा, तो शेताचा कोपरा आहे. तो त्यांचा नव्हताच. याच पट्ट्यातल्या प्रदूषणासाठी मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादात जावे लागले. अणुऊर्जा केंद्रासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना पुनर्वसनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. अशोकाची यादी त्या कंपन्यांना वाचून दाखवा : आधी कामगाराशी नीट वागणे, म्हणजे पूर्ण मजुरी, सुरक्षा, स्वच्छ पाणी. दान त्यानंतर.

दप्तर जरूर घ्या, मुलांना ते लागते. पण घेताना मान खाली घालू नका, आणि दप्तराच्या बदल्यात तक्रार अर्ज मागे घेऊ नका.

जय भीम! जय संविधान!